कमी भरलेली नोंद

१

सकाळी आठ चाळीसला खारू घरातून निघायचा. पाठीला लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसची निळी पट्टी आणि चेहऱ्यावर उशीर झालेल्या माणसाची घाई. पट्टीच्या टोकाचं ओळखपत्र ऑफिसने तीन आठवड्यांपूर्वी काढून घेतलं होतं. पट्टी कोणी मागितली नाही, म्हणून तिला त्याने वाचनालयाचं कार्ड अडकवलं होतं आणि ते शर्टाच्या खिशात सरकवून ठेवलं होतं. आईला एवढं पुरत होतं.

खारू हे अर्थात घरचं नाव. लहानपणी हा एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ताईने ठेवलेलं. पंचविशीतही त्यात काही फरक पडला नव्हता. बसला की टेबलाखाली पाय हलायचा, आणि काम संपलं की हातातलं बॉलपेन दोनदा दाबायची खोड होती. टक टक. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणायची, "झालं वाटतं साहेबांचं."

साहेब कसले, सगळ्यांत कनिष्ठ प्रोग्रामर. दवाखान्यांच्या रुग्णयाद्या सांभाळणारी ती छोटी कंपनी होती. याद्यांमध्ये एकच माणूस दोन-दोनदा, तीन-तीनदा लिहिलेला असायचा, आणि हा पसारा आवरायचं काम खारूकडे आलं. त्याने नियम लिहिला: नावाचं पहिलं अक्षर, आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळला की माणूस एकच समजायचा. मग ज्या नोंदीत जास्त माहिती भरलेली असेल ती ठेवायची आणि कमी भरलेली पुसून टाकायची. नियम झकास चालला. ऑफिसच्या मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. एका घरात राहणारी जुळी भावंडंही जगात असतात, हे मात्र त्याच्या डोक्यात आलंच नाही.

चूक माफ झाली असती. पण दर गुरुवारी तक्रारींच्या फोनवर बसायची त्याची पाळी असायची, आणि एका गुरुवारी एका म्हातारीचा फोन आला. दवाखान्यातून महिन्याला मिळणारे डोळ्यांत घालायचे थेंब तिला मिळेनासे झाले होते. खिडकीवरचा माणूस म्हणे, तुमचे तुम्ही नेलेत.

"आजी, तुमच्या नावाची नोंद आमच्याकडे एकच आहे," खारू पडद्याकडे बघत म्हणाला, "आणि ती बरोबर आहे."

"अरे बाळा, ती माझी बहीण. मी दुसरी."

तिथल्या तिथे त्याला सगळं कळलं. तक्रार वर पाठवली तर नियम कोणाचा ते निघणार, आणि नोकरीत कायम व्हायला थोडेच दिवस राहिले होते. "दोन दिवसांत होईल, काळजी करू नका," असं म्हणून त्याने तक्रारीपुढे 'निकाली' लिहून टाकलं. टक टक. पुढच्या दोन गुरुवारी म्हातारीचा पुन्हा फोन आला आणि त्याने पुन्हा तेच केलं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र थेट मॅडमच्या टेबलावर पडलं. पुसल्या गेलेल्या अकराच्या अकरा नोंदी मॅडमनी संध्याकाळपर्यंत परत आणल्या. म्हातारीचा डावा डोळा काही परत आला नाही.

नोकरी गेली, हे आईला सांगता आलं असतं. का गेली, ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

२

वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या खोलीपलीकडे, भिंतीकडे तोंड करून चार टेबलं होती. खारूचं कोपऱ्यातलं. ग्रंथपाल बाई आता त्याला ओळखायला लागल्या होत्या. "आलात?" एवढं म्हणायच्या. दिवसभरात त्याच्याशी कोणी बोललेलं बहुधा तेवढंच. मग तो बसायचा आणि अर्ज भरायचा. अर्ज सगळे एकाच साच्यातले. नाव, शिक्षण, काय काय येतं, आणि सगळ्यांत खाली एक चौकट: 'आधीची नोकरी का सोडली?' ती चौकट तो रिकामी ठेवायचा. त्या अर्जांना उत्तरंही येत नव्हती.

मंगळवारी त्याने एका बऱ्या कंपनीचा अर्ज भरला आणि पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: 'या पदासाठी तुमचा अर्ज आधीच मिळाला आहे.'

पाठवला असेल बुवा, असं त्याला वाटलं. तीन आठवड्यांत पन्नासेक अर्ज गेले होते, कोणता कुठे गेला ते कोण लक्षात ठेवणार? तरी 'अर्ज पाहा' असं लिहिलं होतं, म्हणून त्याने पाहिला.

नाव त्याचं. फोन त्याचा. शिक्षण, गुण, सगळं बरोबर. खालची चौकट मात्र भरलेली होती. 'माझ्या चुकीमुळे एका बाईंचं औषध थांबलं. पहिल्याच फोनला मला ते कळलं होतं. मी लपवलं.'

खारूचा पाय हलायचा थांबला. त्याने ओळी पुन्हा वाचल्या. मग तो शहाण्या माणसासारखा विचार करायला लागला. कोणीतरी आपला पासवर्ड चोरला, हे एक. पण चोर असा परोपकारी कशाला असेल? दुसरं म्हणजे आपणच झोपेच्या तारेत लिहिलं असेल. गेले काही दिवस झोपेचं खोबरं झालेलं होतंच. हे दुसरं त्याला बरं वाटलं. निदान त्यात माणूस एकच होता.

त्याने लॅपटॉप मिटला. मागच्या बाजूला, पुस्तकांच्या कपाटांपलीकडे, कोणीतरी बॉलपेन दोनदा दाबलं. तो उठून बघून आला. कपाटांमागे एक खुर्ची ओढलेली होती आणि तिथे कोणी नव्हतं.

३

त्याच कंपनीने गुरुवारी अकरा वाजता मुलाखतीला बोलावलं. तीन आठवड्यांत पहिलं बोलावणं. कोणी का लिहिलेलं असेना, चौकट फळली होती. खारूने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि दहा मिनिटं आधीच पोचला.

स्वागतकक्षातल्या मुलीने मान वर करून पाहिलं आणि ती हसली. "काही राहिलं का आत?"

"मुलाखत आहे माझी. अकराची."

"झाली की! दहाला आलात म्हणून साहेबांनी लगेच घेतलं ना तुम्हाला." तो चेष्टा करतोय का, ते ती बघत होती. "आत्ता तर गेलात."

तिने येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही फिरवून त्याच्यापुढे केली. सही त्याची होती. शेवटचं अक्षर ओढून खाली रेघ मारायची, ती त्याची पद्धत. आत दहा, बाहेर दहा पन्नास. शाई बोटाला लागली.

"छत्री राहिलीय वाटतं," खारू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मुलाखतीच्या खोलीचं दार उघडंच होतं. लांब टेबल, पाण्याचा अर्धा प्यायलेला पेला, जरा तिरकी सरकवलेली खुर्ची. समोरच्या कागदावर चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन काढलेले. विचार करताना खारूचा हात असेच चौकोन काढायचा. त्याने खुर्चीला हात लावला. बसायची जागा अजून ऊन होती.

त्या एका गोष्टीने त्याचं धाबं दणाणलं. सही कोणीही मारू शकतं, चौकोन कोणीही काढू शकतं. पण ती ऊब पुसून टाकावीशी वाटली त्याला, आणि ती पुसायची कशी ते कळेना.

"मिळाली का छत्री?" निघताना मुलीने विचारलं. मग आपणहून म्हणाली, "साहेब म्हणत होते, पोरगा सरळ आहे. चूक सांगायला लाजला नाही."

४

दुपारभर तो रस्त्यांनी फिरला. एका दुकानाच्या काचेसमोर थांबला, मग काचेत बघायला नको म्हणून पुढे निघाला. साडेसहाला रोजच्यासारखा घरी आला, चपला काढल्या, आणि घर काहीतरी वेगळं वाटलं. आईचं शिवणयंत्र तर चालू होतं. काय कमी आहे ते लक्षात यायला मिनिटभर गेलं. मोरीतला नळ गळत नव्हता.

दोन महिने तो नळ टपटपत होता. येत्या रविवारी बघतो, असं खारू दर रविवारी म्हणत आला होता.

आईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "दुपारी अर्धी रजा टाकून आलास ते नळासाठीच का रे? मला वाटलं, आजारी-बिजारी पडलास की काय. पण बरं केलंस हो. डोकं उठलं होतं त्या आवाजाने."

"हं," खारू म्हणाला.

मी नव्हतो, असं म्हणायची सोय नव्हती. मग होतास कुठे, हा पुढचा प्रश्न आला असता. आपल्याच थापेत तो असा अडकला होता की तिच्याबाहेर पडायला दुसरी थाप लागत होती. त्याने आपले हात पाहिले. स्वच्छ होते. गंजलेला नळ सोडवणाऱ्याचे हात असे राहत नाहीत.

जेवताना ताईचा फोन आला. ती लांब राहायची आणि सहसा आईशीच बोलायची. आज तिने भावाला मागितलं. "खारू, काल किती वर्षांनी असा मोकळा बोललास रे. फोन ठेवल्यावर रडले मी. आईला सांगच आता. ती काही खाणार नाही तुला."

"सांगतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. काल त्याने कोणालाच फोन केला नव्हता.

अंथरुणावर पडल्यावर त्याने मनातल्या मनात दोन नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. सवयच ती. नाव, आडनाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं जुळत होतं. एकीत अर्ज होते, मुलाखत होती, दुरुस्त केलेला नळ होता, ताईशी बोललेला तासभर होता. दुसरीत एक टेबल, आणि दिवसाकाठी ऐकलेला "आलात?" हा एक शब्द. पुढे काय होतं ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? नियम त्यानेच लिहिला होता.

मला पुसतील, असं त्याला सरळसरळ वाटलं, आणि त्याला फार भीती वाटली.

५

म्हातारीचा पत्ता त्याला पाठ होता. अशा गोष्टी विसरता येत नाहीत. काहीतरी भरायला हवं, खरं काहीतरी, या एकाच विचाराने तो सकाळी वाचनालयाऐवजी तिकडे गेला. दुसरा मजला, जिन्याला लोखंडी कठडा, दारावर दोन नावं. दोन्ही एकाच अक्षराने सुरू होणारी.

दार तिनेच उघडलं. डाव्या डोळ्यावर दुधाची साय धरावी तसं काहीतरी होतं. आतल्या खोलीतून काठी टेकल्याचा आवाज येत होता.

"आजी, मी त्या कंपनीतला. फोनवर तुम्हाला दोन दिवसांत होईल म्हणणारा मीच होतो. मला तेव्हाच कळलं होतं, आजी. माफी मागायला आलोय." रात्रभर घोकलेलं एका दमात बोलून झालं.

म्हातारी मान वाकडी करून उजव्या डोळ्याने त्याला न्याहाळत राहिली.

"हे सगळं परवा सांगून गेला की तो," ती म्हणाली. "इथेच बसला होता, या खुर्चीत. ढसाढसा रडला. आम्ही दोघींनी त्याला पाणी दिलं, माफ केलं. गेल्यावर तुमच्या मॅडमना फोनसुद्धा केला मी. म्हटलं, पोराला परत घ्या."

"तो मीच होतो," खारू म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही. कदाचित ती माफी तरी आपली व्हावी म्हणून.

"नाही रे बाळा." तिचा आवाज मऊ होता, त्याने जास्तच भीती वाटली. "ऐंशी वर्षं लोक आम्हा दोघींना एकच समजत आले. ती कोण आणि मी कोण, हे आईलासुद्धा कधी कधी कळायचं नाही. फरक बघायला मी शिकलेय, आणि तो बघायला एक डोळासुद्धा पुरतो. तू तो नव्हेस."

"मग मी कोण?"

आतून काठीचा आवाज जवळ आला. म्हातारीने दार थोडं लोटून घेतलं. बहिणीला हे दिसू नये, असं तिला वाटत असावं.

"घरी जा," ती म्हणाली. "लवकर जा."

६

एकच गोष्ट भरायची राहिली होती: आई. ताई म्हणालीच होती, सांगच आता. म्हणजे अजून सांगितलेलं नव्हतं. बस गर्दीत अडकली तसा खारू उतरला आणि चालत सुटला, मग पळत. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि शिवी दिली. त्याला त्या शिवीचंसुद्धा बरं वाटलं. कोणीतरी पाहिलं होतं.

वाटेत वाक्य जुळवत होता. आई, नोकरी गेली. आई, माझ्यामुळे एका बाईचा डोळा गेला. दुसरंच आधी सांगायचं, असं त्याने ठरवलं. ती रागावेल, बोलेल, दोन दिवस तोंड फिरवून बसेल. चालेल. पण ती त्याच्यावर रागावेल.

जिने चढून दारापाशी आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शिवणयंत्राचा आवाज येत नव्हता. या वेळेला यंत्र कधी बंद नसायचं. त्याने किल्ली लावायला हात पुढे केला आणि आत कोणीतरी बोलताना ऐकू आलं.

पुरुषाचा आवाज होता. ओळखीचा, आणि तरी नाही. फोनवर नोंदवलेला आपलाच आवाज ऐकला की वाटतं तसा.

"...पहिल्याच फोनला कळलं होतं मला, आई. म्हटलं, नोकरी जाईल. म्हणून बोललो नाही."

आई रडायला लागली. खारूने दाराला कपाळ टेकवलं.

"वेड्या," आई म्हणाली, "तीन आठवडे एकटा घेऊन फिरलास हे? मी काय मेले होते?" नाक ओढल्याचा आवाज आला. "ये इकडे."

"मॅडमनी परत बोलावलंय. त्या आजींनी शब्द टाकला. उद्यापासून तक्रारींच्या फोनवर बसायचं, रोज."

"मग नीट कर आता. आणि आधी दोन घास खा. बस."

किल्ली लागेना. कडी आतून होती. खारूने बेल दाबली आणि दाबूनच धरली.

आईच्या पावलांचा आवाज आला. साखळी तशीच ठेवून दार चार बोटं उघडलं. तिचे डोळे लाल होते, चेहरा मात्र हलका झालेला. इतका हलका चेहरा त्याने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तिने त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. दारावर काही विकायला आलेल्याकडे बघावं तसं.

"कोण पाहिजे?"

"आई. मी. खारू."

"खारू जेवतोय," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं. "ऑफिसातले का तुम्ही? नंतर या हं. आज आमचं जरा घरातलं चाललंय."

तिच्या खांद्यावरून त्याला टेबलाचा कोपरा दिसला. ताटाशेजारी एक हात होता, नखांच्या कडेला गंज बसलेला. टेबलाखाली पाय. तो हलत नव्हता. शांत होता. दार बंद होता होता त्या माणसाने मान वळवायला सुरुवात केली, आणि खारूने डोळे मिटून घेतले.

७

सकाळी नऊला तो वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसलेला होता. रात्र कुठे काढली ते त्याला सांगता आलं नसतं. ग्रंथपाल बाई किल्ल्या घेऊन आल्या, त्याच्या बाजूने वर गेल्या. "आलात?" म्हणाल्या नाहीत.

एक मार्ग होता. पुसलेल्या नोंदी परत आणता येतात. अकरा आणल्या होत्या, एकाच संध्याकाळी. कोणीतरी तक्रार वर पाठवायला हवी, एवढंच. त्याने पाठ असलेला नंबर लावला. तीनदा वाजल्यावर फोन उचलला गेला.

"नमस्कार. तक्रार विभाग. बोला."

"माझी नोंद पुसली गेलीय," तो म्हणाला. "चुकून."

"नाव सांगा."

त्याने सांगितलं. आडनाव सांगितलं, जन्मतारीख, पत्ता. पलीकडे अक्षरं टाइप होत होती. मग ती थांबली.

ती शांतता खारू ओळखत होता. त्याच खुर्चीत, त्याच पडद्यासमोर, तो स्वतः त्या शांततेत बसला होता. समोरच्याला सगळं कळलेलं असतं. वर पाठवायचं की नाही, एवढंच ठरायचं असतं. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला. हा माणूस म्हातारीपुढे रडला होता. याने आईला सगळं सांगितलं होतं. हा सरळ आहे असं सगळे म्हणत होते. हा करील. नक्की करील.

"या नावाची नोंद आमच्याकडे एकच आहे," आवाज म्हणाला, "आणि ती बरोबर आहे."

"ती माझी नाही," खारू म्हणाला. "मी दुसरा."

पलीकडे टेबलाखाली कोणाचा तरी पाय हलायला लागल्याचं बारीक ऐकू आलं.

"दोन दिवसांत होईल," आवाज म्हणाला. "काळजी करू नका."

टक टक.